कोरियन पारंपरिक युद्धकला : शिकणं आणि शिकवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संध्याकाळचा वर्ग सुटला की पालक दारात मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता जे विचारतात, आणि स्वतः वर्ग सुरू करायला निघालेली मंडळी रात्री उशिरा फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. मी मूळचा तायक्वांदोचा माणूस. तेक्क्यॉनकडे बऱ्याच उशिरा वळलो, त्यामुळे तिकडे थोडं झुकतं माप पडलं असेल तर समजून घ्या.

कोरियन युद्धकला म्हणजे तायक्वांदोच ना?

तायक्वांदो त्यातलं सगळ्यांत मोठं घर, पण सगळ्यांत जुनं नव्हे. कोरियात सरकारदरबारी वारसा म्हणून ज्यांची नोंद आहे, त्यांतली तीन नावं आधी लक्षात ठेवा. तेक्क्यॉन म्हणजे पायांची लवचीक झुंज. सिरूम म्हणजे वाळूतली कुस्ती. ह्वालसोगी म्हणजे धनुष्यबाण. याशिवाय जुन्या सैन्याची तलवार, भाला, काठी आहे. ती विद्या १७९०च्या एका ग्रंथात चित्रांसकट उतरवलेली असल्यामुळे आज पुन्हा करता येते. तायक्वांदो, हापकिदो, तांग सू दो या विसाव्या शतकात आकाराला आलेल्या कला. त्यांना 'पारंपरिक' म्हणायचं का यावर कोरियातसुद्धा लोक चहा थंड होईपर्यंत भांडतात.

पण तायक्वांदो दोन हजार वर्षं जुनी आहे असं आमच्या क्लासच्या फलकावर लिहिलंय.

लिहिलेलं असतं खरं. मीही दहा-बारा वर्षं तेच सांगत होतो. हा दावा येतो मुख्यतः गोगुर्यो राज्याच्या काळातल्या थडग्यांमधल्या भित्तिचित्रांवरून. एका चित्रात दोन माणसं हात उगारून समोरासमोर उभी आहेत. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की तायक्वांदो झाली, हा हिशेब काही मला पटत नाही.

कागदावरचा इतिहास बराच अलीकडचा आहे. १९४४ साली ली वॉन-गुक यांनी सोलमध्ये चुंग दो क्वान ही शाळा काढली. ते जपानमध्ये कराटे शिकून आले होते. १९४५ला जपानी राजवट गेल्यावर अशा आणखी शाळा निघाल्या आणि त्यांच्या सुरुवातीच्या बऱ्याच आकृत्या, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, कराटेच्याच होत्या. 'तायक्वांदो' हे नाव ठरलं ११ एप्रिल १९५५ रोजी, आणि त्यामागे जनरल चोई होंग-ही यांचा पुढाकार होता. १९७२ला सोलमध्ये कुक्कीवॉन हे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं, १९७३ला जागतिक महासंघ झाला, १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक झालं आणि २०००च्या सिडनीपासून पदकं सुरू झाली.

या पन्नासएक वर्षांत कोरियन लोकांनी त्या कलेचा तोंडवळाच बदलून टाकला. हात मागे पडले, पाय पुढे आले, उडी मारून हवेत गिरकी घेणं आलं. हे त्यांचं स्वतःचं काम आहे आणि ते थोर आहे. त्याला दोन हजार वर्षांचा जन्मदाखला जोडायची गरज नाही.

हापकिदो, तांग सू दो, हेदोंग गुम्दो यांचं काय?

थोडक्यात सांगतो. हापकिदोची मुळं चोई योंग-सुल यांच्याकडे जातात. ते जपानमध्ये बरीच वर्षं काढून परतले आणि देगू शहरात शिकवू लागले, म्हणून तिच्यात मनगट पिरगाळणं, सांधे अडकवणं, फेकणं जास्त आहे. तांग सू दो ह्वांग की यांच्या मू दुक क्वानमधून आली, ही शाळा १९४५ची. हेदोंग गुम्दोचा तलवारीचा प्रसार १९८०च्या दशकातला. तिन्ही शिकायला छान आहेत. फक्त शिक्षक प्राचीन योद्ध्यांच्या गोष्टी फार रंगवून सांगू लागला, तर 'सर, तुम्हाला कुणी शिकवलं, आणि त्यांना कुणी?' एवढं विचारा. या पानावर हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.

तेक्क्यॉन म्हणजे नक्की काय? व्हिडिओत तर नाचल्यासारखं दिसतं.

नाचल्यासारखंच आहे, आणि पहिल्या दिवशी सगळे हसतात.

पायाखाली एक त्रिकोण आहे असं समजा. पाय त्या त्रिकोणाच्या टोकांवर पडत राहतात, तीन ठेक्यांत. याला पुम-बाल्गी म्हणतात. 'पुम' म्हणजे तीन चौकोन रचल्यासारखं दिसणारं एक चिनी अक्षर, आणि पायांची मांडणी त्या अक्षरासारखी होते. पाय टाकताना आधी गुडघा मऊ होऊन शरीर खाली बसतं, मग ओटीपोट पुढे येऊन शरीर वर उसळतं. कोरियन लोक या दोन क्षणांना गुमसिल आणि नुंगचोंग म्हणतात. हात बाजूला पंखांसारखे झुलत राहतात. अंगात सैल पांढरा हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, असतो.

आता यात मारामारी कुठे आली? पाय कधी उचलला जाईल ते समोरच्याला कळत नाही, ही यातली मेख आहे. कराटे किंवा तायक्वांदोत माणूस लाथ मारण्याआधी 'भरतो', खांदा किंवा कंबर चुगली करते. इथे शरीर सतत हलतंच आहे, त्यामुळे चुगली ऐकू येत नाही. माझ्या चार दानच्या (दान म्हणजे काळ्या पट्ट्यातली पायरी) घमेंडीला एका साठीच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात सुरुंग लावला. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. त्यांनी माझ्या घोट्याला पाऊल अडकवून अलगद ओढलं, दाराच्या कडीत बोट घालून ओढावं तसं, आणि मी बसलो. त्या अडकवण्याचं नाव नाक्सी-गोरी, म्हणजे मासेमारीचा गळ.

हार-जितही साधी आहे. समोरच्याला पाडलं किंवा त्याच्या चेहऱ्याला पाय लावला की जिंकलात. एक नियम मला फार आवडतो, त्याचं नाव देजॉप. त्याचा अर्थ पाहुणचार. दोघांनी एकेक पाय पुढे, समोरच्याच्या आवाक्यात ठेवायचा. लांब पळत राहायचं नाही. 'घे, मार' म्हणून पाय पुढे करायचा, आणि मग मारू द्यायचा नाही.

ओरडणंही वेगळं आहे. 'हाय्या!' वगैरे नाही. 'इक!' 'एक!' असा पोटातून आवाज काढतात. रोजच्या कोरियनमध्ये 'इकू' हा दचकल्यावर निघणारा उद्गार आहे, आपल्या 'अरेच्चा'सारखा. रणगर्जनेच्या जागी अरेच्चा म्हणणारी दुसरी युद्धकला मला तरी माहीत नाही.

तेक्क्यॉनची खरी, मूळ शाखा कोणती?

हा प्रश्न कोरियात जपून विचारा. माझ्या परीने सांगतो.

जोसॉन राजघराण्याच्या काळाच्या अखेरीस सोलमधल्या वस्त्या-वस्त्यांमध्ये, सणावाराला, गावकऱ्यांच्या चुरशीत तेक्क्यॉन खेळलं जाई. वरच्या आळीचे विरुद्ध खालच्या आळीचे, अशी ती मजा होती. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत ते जवळजवळ बुडालं. धागा शिल्लक राहिला तो मुख्यतः एका माणसाच्या अंगात. सोंग दोक-गी, जन्म १८९३, सोलच्या साजिक-दोंग भागातले. ते तेक्क्यॉन शिकले इम हो नावाच्या शिक्षकाकडून. १९५८ साली त्यांनी राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर ते करून दाखवलं, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते.

त्यांच्याकडे शिकायला आले शिन हान-सुंग, चुंगजू शहरातले. शिन कुस्तीतले होते, नेटके होते, आणि वर्गात शिकवायचं तर क्रम लागतो हे त्यांना कळत होतं. त्यांनी हालचालींची नावं लावली, पायऱ्या केल्या, सरकारकडे पाठपुरावा केला. १ जून १९८३ रोजी तेक्क्यॉनला महत्त्वाच्या अमूर्त वारशाचा ७६वा क्रमांक मिळाला आणि दोघेही त्याचे अधिकृत धारक झाले. चारच वर्षांनी, १९८७ साली, दोघेही गेले. म्हातारा गुरू आणि त्याच्याहून पस्तीस वर्षांनी लहान शिष्य, एकाच वर्षी.

मग व्हायचं तेच झालं. कुणी म्हणालं, सोंग आजोबा शिकवायचे तेच खरं, शिननी त्याला शाळेचा गणवेश चढवला. कुणी म्हणालं, शिन नसते तर शिकवण्यासारखं काही हातात राहिलंच नसतं. आज तेक्क्यॉनच्या चार मुख्य संघटना आहेत, त्यांतली एक चुंगजूला. प्रत्येकीची पावलं जराशी वेगळी, स्पर्धेचे नियम जरासे वेगळे. २०११ साली युनेस्कोच्या यादीत नाव गेलं ते तेक्क्यॉनचं, कुठल्या एका संघटनेचं नाही.

आपल्याकडे एकाच गायकाच्या दोन शिष्यांची दोन घराणी झाल्यावर जे होतं, तेच हे. दोघांचंही ऐका, पण शिका एकाकडेच, निदान पहिली तीन वर्षं. दोन ठिकाणची पुम-बाल्गी एकदम शिकायला गेलात तर पाय कुणाचंच ऐकत नाहीत.

सिरूम म्हणजे आपली कुस्तीच का?

भावकीतली आहे, पण मोठा फरक पकडीचा. सिरूममध्ये कमरेला आणि एका मांडीला 'सात्बा' नावाचं कापड गुंडाळलेलं असतं, एकाचं लाल, दुसऱ्याचं निळं. दोघे वाळूवर गुडघे टेकून, खांद्याला खांदा लावून बसतात, एकमेकांचा सात्बा धरतात, मग एकदम उभे राहतात. म्हणजे झुंज सुरू होते ती पकड झाल्यावर. आपल्या मातीत अर्धी हुशारी पकड मिळवण्यात जाते, इथे ती फुकट मिळते. गुडघा किंवा त्याच्या वरचा कुठलाही भाग आधी वाळूला लागला की हरलात. पाठ टेकवावी लागत नाही, चीतपट वगैरे भानगड नाही. तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी. जुन्या काळी विजेत्याला बैल मिळे.

कोल्हापूरच्या माणसाला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "अहो, ही तर सुरू व्हायच्या आधीच संपली!" बरोबर आहे, पुष्कळ डाव काही सेकंदांत संपतात. पण त्या काही सेकंदांत पोटावर उचलून फेकणं, आतून पाय अडकवणं, खाली वाकून समोरच्याला डोक्यावरून उलटवणं, सगळं होऊन जातं.

वजनगटांची नावं ऐकण्यासारखी आहेत. पुरुषांचे गट डोंगरांच्या नावाचे : तेबेक, गुमगांग, हाल्ला, बेकदू. बायकांचे गट फुलांच्या नावाचे. गुमगांग आणि बेकदू हे पर्वत उत्तर कोरियात आहेत, आणि दक्षिणेतला पैलवान त्यांच्या नावाचा किताब मिरवतो. सिरूम दोन्हीकडे खेळतात. २०१८ साली मॉरिशसमधल्या बैठकीत युनेस्कोने ते दोन्ही कोरियांच्या नावे एकत्र यादीत घेतलं, असं पहिल्यांदाच घडलं.

शिकवणाऱ्यांसाठी : आपल्याकडे तालमीत तांबडी माती आहे, तिच्यावर सिरूमचे डाव करून बघायला हरकत नाही. पण सात्बा म्हणून जुनी साडी किंवा ओढणी वापरू नका. मी वापरून बघितली. मांडीला वळ उठले आणि ओढणीच्या मालकिणीने आठवडाभर अबोला धरला.

धनुर्विद्या कुणाला जमते? खूप ताकद लागते का?

ताकदीपेक्षा वाट बघण्याची तयारी लागते. कोरियन पारंपरिक धनुर्विद्येत लक्ष्य १४५ मीटरवर असतं. ऑलिंपिकच्या ७० मीटरच्या दुप्पट. लक्ष्य म्हणजे एक मोठी, मागे कललेली लाकडी फळी. तिच्यावर गुणांची वर्तुळं नसतात. कुठेही लागला तर लागला, नाहीतर नाही.

जुनं धनुष्य, गाकगुंग, हे स्वतःच एक प्रकरण आहे. पाणम्हशीचं शिंग, बांबू, तुतीचं लाकूड, जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं चिकटवायला माशाच्या फुग्यापासून केलेला डिंक. पाणम्हैस कोरियात नाही, शिंग बाहेरून आणावं लागे. दमट हवेत हा डिंक सैल पडतो म्हणून धनुष्य उबदार पेटीत ठेवतात. कोकणात जूनमध्ये असं धनुष्य नेऊन बघा, नको, बघू नका. नवशिक्यांना आता कृत्रिम धाग्यांचं धनुष्य देतात. पाचव्या दानपासून पुढे मात्र परीक्षेला शिंगाचं धनुष्य आणि बांबूचे बाणच लागतात.

दोरी ओढायची ती अंगठ्याने, अंगठ्यात कडं घालून. ऑलिंपिकमध्ये तीन बोटांनी ओढतात. एकलव्याची गोष्ट सांगताना मुलं विचारतात, 'अंगठा गेला तर काय बिघडलं, बोटं होती की.' त्यांना हे कडं दाखवतो. प्रश्न मिटतो.

आता शिकण्याची रीत. धनुष्यशाळेला 'जोंग' म्हणतात. सोलमधली ह्वांगहाकजोंग १८९८ची, राजा गोजोंगच्या काळातली. नव्या माणसाला बाण लगेच मिळत नाही. काही आठवडे, कधी महिने, नुसतं रिकामं धनुष्य ओढायचं. मग दोरीला बांधलेला बाण, जो सुटतो आणि दोरीमुळे थोड्याच अंतरावर थांबतो. त्यानंतर ओट्यावर उभं राहायला मिळतं. एका फेरीत पाच बाण. बाण सुरू असताना बोलायचं नाही.

आणि ही जागा मला सगळ्यांत प्रिय आहे : दिवसाचा पहिला बाण सोडण्याआधी धनुर्धर बाजूच्यांना म्हणतो, "ह्वाल बेउम्निदा", म्हणजे "धनुष्य शिकतो आहे". बाजूचे म्हणतात, "पुष्कळ लागू देत." पहिल्या दिवशी आलेला पोरगाही हेच म्हणतो आणि चाळीस वर्षं बाण मारणारे आजोबाही हेच म्हणतात. 'आता शिकलो' असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

एका फेरीत पाचही बाण लागले तर त्याला मोल्गी म्हणतात. पहिली मोल्गी झाली की समारंभ होतो, आणि त्या माणसाला 'जोपजांग' ही मानाची हाक मिळते.

२०२० साली ह्वालसोगीला राष्ट्रीय वारसा ठरवलं, पण एकही अधिकृत धारक नेमला नाही. सिरूमचंही २०१७ला तसंच केलं. कारण हे की देशभर सगळेच करतात, एकाच्या नावावर कसं लावणार? तेक्क्यॉनला धारक नेमावा लागला, कारण तिथे माणसंच उरली नव्हती.

आम्हाला तलवार-भाला शिकायचाय. १७९०च्या ग्रंथावरून शिकता येईल?

ग्रंथाचं नाव मुये दोबो तोंगजी. राजा जोंगजोच्या आज्ञेने यी दोक-मू, पाक जे-गा हे दोन विद्वान आणि बेक दोंग-सू हा हत्यारांचा जाणकार यांनी तो केला. त्यात २४ कला आहेत, १८ जमिनीवरच्या, ६ घोड्यावरच्या. त्याआधी १५९८ साली सहा हत्यारांचं एक पुस्तक झालं होतं, जपानी आक्रमणाने देश होरपळत असताना. १७५९ला ते अठरावर गेलं आणि १७९०ला चोविसावर.

या ग्रंथातली दोन गोष्टी मी नेहमी सांगतो. एक, यात 'वेगॉम' म्हणजे जपानी तलवारीचं प्रकरण आहे, चिनी हत्यारं आहेत, आणि ती त्यांच्या मूळ नावानेच दिली आहेत. शत्रूकडून शिकलो हे राजाच्या ग्रंथात लिहिताना त्यांना लाज वाटली नाही. दोन, चिनी लिपीत मजकूर असला तरी सोबत कोरियन लिपीतला भागही जोडला, म्हणजे साध्या शिपायाला वाचता यावं. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याची ही नजर आहे.

पण पुस्तकात पाय कुठे ठेवायचा हे आहे, किती वेगाने ठेवायचा हे नाही. १९०७ला कोरियन सैन्य बरखास्त झालं आणि शिकवणाऱ्यांची साखळी तुटली. आज सुवॉनच्या ह्वासोंग किल्ल्यातल्या राजवाड्यासमोर जी प्रात्यक्षिकं होतात, ती पुस्तक, चित्रं आणि आजच्या माणसांची समज यांतून पुन्हा उभी केलेली आहेत. चांगली आहेत, जाऊन बघा. कोल्हापूरचा मर्दानी खेळ बघितलेल्यांना दांडपट्टा आठवेल. पण 'अखंड परंपरा' म्हणून कुणी विकत असेल तर तोच प्रश्न : कुणी शिकवलं?

चाळिशी उलटली आहे. सुरू करू का?

करा. तेक्क्यॉन किंवा धनुष्य निवडा. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. उडी मारून फिरायच्या लाथा तुमच्या मुलासाठी ठेवा.

ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळतो?

कोरियात पोरांना साधारण वर्ष-दीड वर्षात पहिला मिळतो, आणि तिथे त्याचं कुणी पेढे वाटून कौतुक करत नाही. १५ वर्षांखालच्यांना दान मिळत नाही, 'पुम' मिळतो आणि अर्धा लाल-अर्धा काळा पट्टा. पहिला दान म्हणजे बाराखडी आली. तिथून दुसऱ्यापर्यंत किमान एक वर्ष, तिसऱ्यापर्यंत आणखी दोन, चौथ्यापर्यंत आणखी तीन. म्हणजे बाराखडीनंतर कमीत कमी सहा वर्षं.

'तीन महिन्यांत ब्लॅक बेल्ट, प्रमाणपत्र घरपोच' अशी जाहिरात आली तर पैसे वाचवा. कुक्कीवॉनच्या दानचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, शिक्षकाचाही. तपासलं म्हणून चांगला शिक्षक रागावत नाही. मला एकदा एका संघटनेने, नाव घेत नाही, परीक्षा न देता पुढचा दान 'सन्मानार्थ' देऊ केला होता, शुल्क भरून. प्रमाणपत्रावरच्या कोरियन मजकुरात दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या.

कोरियन भाषा यावी लागते का?

वर्गापुरती. चार्योत म्हणजे सावधान, ग्योंगन्ये म्हणजे नमस्कार, जुन्बी म्हणजे तयार, सिजाक सुरू, गुमान थांबा. आकडे : हाना, दुल, सेत, नेत, दासोत, योसोत, इल्गोप, योदोल, आहोप, योल. पण दान मोजताना वेगळे आकडे येतात : इल, ई, साम. आपण मोजताना एक-दोन म्हणतो आणि क्रमांक देताना प्रथम-द्वितीय, तसंच. शिक्षकाला साबॉमनिम, शाळेच्या प्रमुखाला ग्वानजांगनिम. शेवटचं 'निम' म्हणजे आपलं 'जी' किंवा 'राव'. ते गाळू नका.

कोरियात जाऊन शिकायचं तर काय अपेक्षा ठेवावी?

दुपारी दोनच्या सुमाराला एखाद्या अपार्टमेंटच्या फाटकाशी उभे राहा. पिवळी व्हॅन येते, तिच्यातून पांढऱ्या दोबोकमधला (सरावाच्या गणवेशातला) साबॉम उतरतो, सात-आठ वर्षांच्या पोरांची दप्तरं घेतो, हात धरून रस्ता ओलांडून देतो. कोरियातल्या बहुतेक तायक्वांदो दोजांगचं, म्हणजे तालमीचं, पोट या मुलांवर चालतं. आईवडील कामावरून येईपर्यंत मूल तिथे. वर्गात दोरीच्या उड्या आणि चेंडूचे खेळही असतात. सिनेमातला धुक्यातला डोंगर आणि पांढरी दाढी शोधत गेलात तर पहिल्या दिवशी तोंड उतरेल.

डोंगर हवाच असेल तर ग्योंगजूजवळच्या गोलगुल्सा मठात जा. तिथे सॉन्मुदो नावाची बौद्ध साधकांची कला शिकवतात आणि पाहुण्यांना राहून करता येते. पहाटे उठावं लागतं आणि ताटात काही टाकता येत नाही.

मोठ्यांसाठीचे वर्ग संध्याकाळी उशिरा असतात. मोठ्या माणसाने दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्या. तुमच्याआधी आलेला सोनबे, नंतर आलेला हुबे, मग वय काहीही असो. एकवीस वर्षांच्या सोनबेने मला फरशी पुसायला फडकं दिलं तेव्हा मी त्रेचाळिशीचा होतो. पुसली.

झेंड्याला वाकून नमस्कार करतात. आमच्या धर्मात चालेल का?

त्यात पूजा नाही, शाळेतल्या सावधान-विश्रामसारखं आहे. तरी कुणाला नको वाटलं तर मी जबरदस्ती करत नाही, नुसतं सरळ उभं राहायला सांगतो.

मला शिकवायला सुरुवात करायची आहे. केव्हा करू?

कागदोपत्री उत्तर : कुक्कीवॉनच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक अभ्यासक्रमाला बसायला चौथा दान लागतो. तेक्क्यॉनमध्ये वारसा-पद्धतीच्या पायऱ्या आहेत. आधी शिकाऊ, मग अभ्यास पुरा केलेला, मग शिकवण्यात मदत करणारा, आणि सर्वांत वर धारक.

व्यवहारातलं उत्तर देतो. तुमच्या शिक्षकाने 'आज तू घे' असं तीनदा सांगितलं असेल, आणि तिसऱ्यांदा तो वर्गात बसून राहिला नसेल, तर सुरू करा. मी घाई केली होती. माझ्या पहिल्या वर्गात तेवीस मुलं होती, एका शाळेचा सभामंडप, आणि मी पहिल्या तासात अकरा लाथा दाखवल्या. पुढच्या आठवड्यात चौदा मुलं आली. त्यांना एकही लाथ येत नव्हती, पण मी किती उंच पाय मारतो हे सगळ्यांना पाठ होतं.

तेक्क्यॉन शिकवताना मी पुन्हा तेच केलं. गुमसिल-नुंगचोंग म्हणजे काय हे वीस मिनिटं समजावलं. पोरं लाकडी बाहुल्यांसारखी हलत होती. मागच्या रांगेतली दोन मुलं मात्र सहज डुलत होती. विचारलं तर दोघंही शाळेच्या लेझीम पथकातली. पाय टाकताना गुडघा मऊ ठेवायचा, अंग ठेक्यावर खाली-वर न्यायचं, हे त्यांच्या अंगात आधीच होतं. तेव्हापासून पहिले दोन तास मी तोंड बंद ठेवतो. एकाला थाळी वाजवायला बसवतो, तीन ठेके, आणि नुसतं चालायला लावतो. नावं तिसऱ्या तासाला.

लहान मुलांना शिकवताना काय सांभाळायचं?

पाय ताणताना पाठीमागून कुणी खांद्यावर दाबायचं नाही. पाय उभे-आडवे पूर्ण फाकवण्यासाठी मुलाला रडवणारा शिक्षक कितीही पदकवाला असो, तिथून मूल काढा. डोक्याला लाथ लागली आणि मूल जरा जरी गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, आधी डॉक्टर. हेल्मेट घातलं होतं म्हणून सूट नाही. अनवाणी वर्ग असेल तर फरशी आधी तुम्ही स्वतः हात फिरवून बघा. टाचणी माझ्याही हाताला लागली आहे.

पॅड धरायला शिकवणं ही अर्धी तालीम. पॅड चुकीचा धरला की मारणाऱ्याचा गुडघा आणि धरणाऱ्याचं मनगट, दोन्ही जातात.

शिक्षा म्हणून उठाबशा देऊ नका. मग व्यायाम म्हणून दिल्या तरी मुलं अपराध्यासारखी बघतात.

रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर उपयोग होईल का?

पळायचं कसं ते आधी शिका. तेक्क्यॉनने माझा एक फायदा नक्की झाला आहे. पावसात लोकलच्या पायऱ्यांवर घसरलो आणि पडलो नाही. तोंडातून 'इक!' निघालं होतं, हे बाजूच्या बाईंनी नंतर हसून सांगितलं.

मी दोन वर्षं शिकलो आहे. 'अस्सल कोरियन पारंपरिक युद्धकला' असा फलक लावू का?

'अस्सल' काढा. 'पारंपरिक' ठेवायचं तर खाली बारीक अक्षरात तुमच्या शिक्षकाचं आणि त्यांच्या शिक्षकाचं नाव लिहा. जागा कमी पडली तर फोन नंबर जरा लहान करा.